शेतकऱ्यांचा पत्ता

माया खंडारे साधं बोलली तरी पुण्यातल्या तिच्या साहेबांना वाटायचं, ही आता राजीनामा देते की काय. खरं तर ती फक्त आपलं म्हणणं मांडत असायची. भातकुलीच्या तहसील कार्यालयात टायपिस्ट असलेल्या धर्मपाल खंडाऱ्यांची ही थोरली मुलगी. घरात सगळेच मोकळ्या गळ्यानं बोलणारे. हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं, अशी त्या घराची समजूत होती.

पुण्यात एका कंपनीत ती फोनच्या पडद्यावरची मराठी-हिंदी नीट दिसते की नाही, हे तपासायची. जोडाक्षर कुठं फुटलं, वेलांटी भलत्याच अक्षरावर कुठं बसली, काना पुढच्या ओळीत कुठं पळाला, हे तिला पडद्यावर नुसती नजर टाकली की कळायचं. मग तिचा नवरा अश्विन अकोल्याच्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागला आणि दोघांनी अमरावतीत बिऱ्हाड केलं. तो रेल्वेनं अकोल्याला जाऊन-येऊन करायचा. तिनं गाडगेनगरात दोन खोल्या घेतल्या आणि वेबसाइट बनवून द्यायचं स्वतःचं काम सुरू केलं.

"इंग्रजीतच करा ना मॅडम, तेच चालते," असं गिऱ्हाईक म्हणालं की ती विचारायची, "तुमची आई वाचते का इंग्रजी?" बहुतेक जण मग मराठीला तयार व्हायचे. काही उठून जायचे. जाणाऱ्यांचं तिला फारसं वाईट वाटत नसे.

अकोटच्या भागीरथाबाई म्हैसने मात्र स्वतःहूनच म्हणाल्या, "मले इंग्रजी नाव नाई पायजे."

भागीरथाबाई म्हणजे अकोट भागातल्या कापूस पिकवणाऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीच्या अध्यक्ष. कापूस सरकी काढणाऱ्या जिनिंगला घालून व्यापाऱ्याच्या हवाली करण्यापेक्षा आपणच त्याच्या गाद्या-रजया शिवून घराघरात विकाव्या, हा त्यांचा बेत होता. दुकानाचं नाव ठरलं होतं 'शेतकऱ्यांचा कापूस'. इंटरनेटचा पत्ताही तोच, मराठीत, सलग जोडून लिहिलेला.

"माह्या बायांनी फोनमंदी मराठीत बोटं चालवली का दुकान उघडलं पायजे," त्या म्हणाल्या. "होईन का तसं?"

"होईन ना काकू. काहून नाई होईन?" माया म्हणाली.

झालंही. उद्घाटनाला जिनिंगच्या आवारात मांडव घातला होता. एका बाजूला गाद्यांची चळत, दुसऱ्या बाजूला खुर्च्या. भागीरथाबाईंनी माइक हातात घेतला आणि समोरच्या लोकांना सांगितलं, फोन काढा, हा बोर्डावर लिहिलेला पत्ता टाका. लोकांनी टाकला. काहींच्या फोनवर दुकान उघडलं, गाद्यांची छायाचित्रं दिसली, टाळ्या वाजल्या. पण मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. तिथं बऱ्याच जणांच्या फोनवर काही येत नव्हतं. असा पत्ताच नाही, असं फोन सांगत होता.

"नेटवर्क नसन," कुणीतरी म्हणालं.

माया मागं गेली. एक उघडलेला आणि एक न उघडलेला, असे दोन फोन तिनं शेजारी शेजारी धरले. दोन्हींवर तेच नाव. अक्षर न् अक्षर सारखं. हा घोटाळा तिच्या ओळखीचा होता. तो आपल्या हातून इथं, इतक्या लोकांसमोर होईल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाहुणे चहाला गेल्यावर भागीरथाबाईंनी तिला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "पोरी, हे माह्या फोनवर उघडून राहिलं अन् मांगं बसलेल्या गोपाळभाऊच्या फोनवर काहून नाई?"

"काकू, 'शेतकऱ्यांचा' लिहितो ना आपण, त्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र येते. थो कॉम्प्युटरमंदी दोन तऱ्हेनं लिवता येते. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्याचा अन् त्याचा पाय मोडाचा. दुसरी तऱ्हा म्हंजे साधा र घ्याचा, पाय मोडाचा, अन् मागून एक न दिसणारी जोडखूण लावाची. पडद्यावर दोघंबी सारखेच दिसतात. जुळ्या भावांसारखं समजा. तोंड एक, पण आधार नंबर वेगळा. कॉम्प्युटर तोंड पायत नाई, नंबर पायते. काही फोनच्या कीबोर्डमंदून पहिला येते, काहींच्या दुसरा."

भागीरथाबाईंनी विचार केला. "मंग आपण नाव घेतलं थे कोणत्या भावाचं?"

"टिंबवाल्याचं."

"अन् दुसरा भाऊ कोणाचा?"

"सध्या तं कोणाचाच नाई."

"म्हंजे उद्या कोणीबी त्याच्या नावानं दुकान टाकू शकते. दिसाले आपलंच."

आयुष्यभर बाजारात माल विकलेल्या बाईला जे लगेच दिसलं, ते मायाला अजून दिसायचं होतं. तिचा सगळा जीव अक्षर नीट दिसण्यात होता. चोर त्याच नीट दिसणाऱ्या अक्षराचा उपयोग करील, हा विचार तिनं कधी केला नव्हता.

"करतो मी याचं काहीतरी," ती म्हणाली. वऱ्हाडात बाईमाणूसही 'करतो'च म्हणते.

दुसरी तऱ्हाही आपल्याच नावावर घ्यावी, म्हणून ती नियम शोधायला बसली आणि भलतंच हाती लागलं. देवनागरीतल्या पत्त्यांमध्ये कोणती अक्षरं चालतील, याचे नवे नियम एक जागतिक संस्था ठरवत होती. त्यासाठी नेमलेल्या समितीनं मसुदा लोकांसमोर ठेवला होता आणि त्यावर मतं मागवली होती. चालणाऱ्या अक्षरांत मायानं ऱ शोधला. नव्हता. न दिसणारी जोडखूण शोधली. तीही नव्हती. कारण एका ओळीत दिलं होतं: ऱ चा वापर नगण्य, आणि तो र सारखा दिसत असल्यानं फसवणुकीचा धोका.

अश्विन अकोल्याहून परतला तेव्हा ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता स्वतःशीच बोलत होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"यांच्या नियमात 'शेतकरी' चालते. 'शेतकऱ्यांचा' नाई चालत. म्हंजे शेतकरी नुसता उभा राहू शकते. त्याचं काही असू शकत नाई."

अश्विन हसला, पण ती हसत नाही असं पाहून थांबला. "कर्मचाऱ्यांचंही तसंच मग," तो म्हणाला. "व्यापाऱ्यांचं. विद्यार्थ्यांचं तेवढं चालेल."

"विद्यार्थ्यांचं रफारावर भागते. अन् आपलं वऱ्हाड? थे तं लिवताच येत नाई. वऱ्हाडाले जगात पत्ता नाई, अश्विन."

त्याच आठवड्यात तिनं समितीला आपलं मत पाठवलं. भाषा सभ्य होती, कारण पाठवण्याआधी अश्विननं दोन विशेषणं काढून टाकली होती. मागणी सरळ होती. ऱ ही चालू द्या आणि जोडखूणही चालू द्या. लोक ज्या तऱ्हेनं लिहितात त्या दोन्ही तऱ्हा चालू द्या. उदाहरण म्हणून तिनं भागीरथाबाईंच्या दुकानाचा पत्ता जोडला होता.

समितीनं तिला पुढच्या ऑनलाइन बैठकीला बोलावलं. दिल्ली, बंगळुरू, काठमांडू अशा ठिकाणांहून माणसं पडद्यावर जमली होती. कुणी भाषेचे अभ्यासक, कुणी इंजिनिअर. मायाला बोलायची भीती कधीच वाटली नव्हती. तिनं स्वतःच्या आडनावापासून सुरुवात केली. "माझं आडनाव खंडारे. तुमच्या नियमांत मी बसते. पण माझं काही असेल, तर ते खंडाऱ्यांचं होतं आणि नियमाबाहेर जातं. मराठीत री, रा किंवा रे नं संपणाऱ्या बहुतेक नामांचं असंच होतं. याला नगण्य म्हणायचं असेल तर माझी हरकत आहे."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मग कोपऱ्यातल्या चौकटीतला चष्मेवाला माणूस बोलला. गोवर्धन सारडा, बंगळुरूचा. बँकांना ऑनलाइन फसवणुकीपासून वाचवण्याचं काम करणारा.

"मॅडम, ऱ वगळण्यात आमची घाई झाली, हे मी मानतो," तो हिंदीत म्हणाला. "पण तुम्ही दोन्ही तऱ्हा मागताय. मी एक गोष्ट दाखवू?"

त्यानं पडद्यावर दोन पत्ते लिहिले, एकाखाली एक. दोन्ही 'शेतकऱ्यांचाकापूस'. पहिला उघडला. अकोटचं दुकान. दुसरा उघडला. तिथंही अकोटचं दुकान. त्याच गाद्या, त्याच रजया, भागीरथाबाईंचा तोच हसरा फोटो.

"यातलं तुम्ही बनवलेलं कोणतं?"

माया पडद्याजवळ सरकली. तिची नजर, जिच्यावर तिची रोजीरोटी होती, ती काही सांगेना.

"दुसरं मी केलंय," गोवर्धन म्हणाला. "फक्त माझ्या मशीनवर, दाखवण्यापुरतं. मला एक दुपार लागली. इथं पैसे भरले तर ते माझ्याकडे येतील. आणि गिऱ्हाईक शिव्या घालेल तुमच्या भागीरथाबाईंना."

आपला माइक चालू आहे हे विसरून माया पुटपुटली, "बेकार फसलो ना बावा."

चष्मेवाला एकदम हसला. "फसले नाई मॅडम अजून," तो म्हणाला, आणि या वेळी हिंदीत नाही. "मी बी वऱ्हाडातलाच हावो, अकोल्याचा. पुढच्या हप्त्यात भावाकडं येऊन राहिलो. समोरासमोर बसू."

ते बसले अश्विनच्या प्रयोगशाळेत, तास संपल्यावर. दुपारचं ऊन खिडकीतून संगणकांवर आलं होतं आणि गोवर्धननं जुन्या कॉटन मार्केटकडून आणलेली कचोरी टेबलावर होती. माया अमरावतीहून येताना गाडीत ठरवून आली होती की भांडायचं नाही. पहिली कचोरी संपेपर्यंत तिनं तो नेम पाळला.

"जोडखूण सोडून देतो मी," तिनं सुरुवात केली. "तुमचं बरोबर होतं. एकाच अक्षराच्या दोन तऱ्हा पत्त्यात ठेवणं म्हंजे चोराले चावी देणं हाय. पण ऱ पायजे."

"ऱ एकटा सोडला, तं र च्या जागी कोणीबी थो टाकन. खालचं टिंब बारक्या फोनवर दिसत नाई."

"एकटा सोडूच नका ना. मी मराठीचे शब्द धुंडाळले. अर्धा ऱ हमेशा य च्या आंधी येते, नाईतर ह च्या आंधी. शेतकऱ्या, वाऱ्या, वऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा. तं नियम असा करा का ऱ चा पाय मोडला असन अन् पुढं य नाईतर ह असन, तवाच त्याले आत घ्याचं. बाकी कोठीबी दिसला का बाहेर. अन् कोणी जुन्या कीबोर्डनं जोडखूण टाकली, तं फोननंच तिचा ऱ करून घ्यावा, नाव शोधाच्या आंधी."

गोवर्धननं चष्मा काढून पुसला. "हे जमन," तो म्हणाला. मग अश्विनकडे वळला. "सर, तुमच्याकडं जुने फोन हायेत का?"

अश्विननं कपाटातून मुलांना खोलायला ठेवलेले फोन काढले. त्यातल्या एकावर गोवर्धननं 'शेतकऱ्यांचा' उघडून दाखवलं. त्या फोनच्या जुन्या अक्षरांत चंद्रकोर नव्हतीच. तिथं रफार दिसत होता.

"हे फॉन्टची चूक हाय," माया म्हणाली. "भाषेची नाई."

"कोणाची चूक हाय थे पैसे गेलेल्या माणसाले काय करायचं? त्याले या फोनवर दोन्ही सारखेच दिसले."

"म्हंजे ऱ बंदच ठेवायचा म्हनता?"

"नाई. ऱ्य अन् र्य या दोघायले जोडीदार समजायचं. एक नाव कोणी घेतलं, का दुसरं कोणालेच देयाचं नाई. कुलूप."

माया खुर्चीतून उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. "मंग दऱ्या अन् दर्याचं काय? एक चिखलदऱ्याच्या पहाडातल्या खोल दऱ्या, एक मुंबईचा समुद्र. दोन शब्द हायेत हे. तुमी दोघायले एका दोरीनं बांधता? चिखलदऱ्याच्या कोणी हॉटेलवाल्यानं 'दऱ्या' घेतलं, तं मुंबईच्या मासेवाल्याले 'दर्या' भेटणार नाई."

"नाई भेटणार."

"हा अन्याय हाय."

"हाय," गोवर्धन शांतपणे म्हणाला. "मी नाई म्हनतच नाई. पण तुम्ही मले सांगा, असे खरे जोडशब्द मराठीत किती असतीन? अन् शेतकऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा, कर्मचाऱ्यांचा असे किती? थोड्या लोकायले दुसरं नाव शोधा लागन. बाकी सगळ्यायले दरवाजा उघडन."

मायाला उत्तर सुचलं नाही असं नव्हतं. तिला बरीच उत्तरं सुचली. त्यातलं एकही भागीरथाबाईंच्या गिऱ्हाइकाला उपयोगाचं नव्हतं. ती बसली आणि उरलेल्या कचोरीचा तुकडा तोडला.

"पुढच्या बैठकीत हे मीच मांडतो," ती म्हणाली. "दऱ्याचं बी मीच सांगतो. तुम्ही सांगितलं तं लोक म्हनतीन, सुरक्षावाल्यानं मराठीचा गळा दाबला. मी सांगितलं तं म्हनतीन, मराठीवालीनं स्वतः किंमत मोजली."

परतीच्या गाडीत अश्विननं विचारलं, "हरलीस का जिंकलीस?"

"काम झालं," ती म्हणाली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत झोपली.

दुसरी बैठक लांबली. मायानं नियम मांडला, त्याची कारणं दिली, त्यानं होणारं नुकसानही सांगितलं. दिल्लीच्या एका ज्येष्ठ अभ्यासकानं दर्या आणि दऱ्याचाच मुद्दा काढला. भाषेतला अर्थभेद असा पुसायचा का, असं त्यांनी विचारलं. माया म्हणाली, "सर, भाषेतून तो पुसला जात नाही. पुस्तकांत, वर्तमानपत्रांत दोन्ही राहतील. हा फक्त दारावरचा पहारा आहे. पहारेकऱ्यानं थोडं कडक असलेलं बरं." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की 'पहारेकरी'ही शेतकरी-व्यापाऱ्यांच्याच रांगेत उभा आहे. पण ते तिनं सांगितलं नाही.

खरी अडचण काठमांडूच्या सदस्याकडून आली. नेपाळीतही हा अर्धा र सारखा लागतो, आणि तिथले लोक तो जोडखूण वापरूनच लिहितात. "आमच्याकडे टिंबाचा ऱ कुणी लिहितच नाही," तो म्हणाला. "आम्ही आमची सवय मराठीसाठी का बदलायची?"

भातकुलीचा मोकळा गळा मायानं त्या दिवशी बराच खाली घेतला. "तुम्ही बदलू नका," ती म्हणाली. "तुमचे लोक जसं लिहितात तसंच लिहितील. आतून जे साठवलं जाईल तेवढं फक्त एक असेल. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. तुमचे शब्द टाकून बघा, मी थांबते."

त्यानं एकेक शब्द टाकून पाहिला. सगळे वाट पाहत बसले. शेवटी तो म्हणाला की दिसायला फरक नाही, पण फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांसाठी याची स्पष्ट सूचना लिहिली गेली पाहिजे, नाहीतर त्याच्या लोकांची नावं हरवतील. ती सूचना त्यानंच लिहावी, असं मायानं सुचवलं. त्यानं मान्य केलं.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणी काही बोललं नाही. अशा समित्यांमध्ये मतदान होत नाही. कुणी हरकत घेतली नाही की नियम होतो. मायाला हे माहीत नव्हतं. ती टाळ्यांची वाट पाहत राहिली आणि तोवर अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले होते.

नवे नियम प्रसिद्ध झाले तेव्हा ते घेऊन ती अकोटला गेली. भागीरथाबाई गाद्या भरणाऱ्या बायांमध्ये बसल्या होत्या. मायानं त्यांना सांगितलं की आता दुसऱ्या भावाच्या नावानं कुणालाच दुकान टाकता येणार नाही. फोनवाले आपापल्या फोनमध्ये हा बदल करीपर्यंत काहींच्या फोनवर अडचण राहील, हेही लपवलं नाही. तोवर प्रत्येक गादीच्या लेबलवर एक चौकोनी छाप टाकायची, फोन त्यावर धरला की दुकान उघडेल.

"म्हंजे लिवा नाई लागन?"

"सध्या नाई. पुढं लिवता येईन."

"लिवताबी आलं पायजे," भागीरथाबाई म्हणाल्या. "नाव हाय आपलं थे."

त्यानंतर काही महिन्यांनी समितीनं मायाला सदस्य करून घेतलं. हे काम बिनपैशाचं. अश्विननं सासऱ्यांना फोन करून सांगितलं, तेव्हा धर्मपाल खंडारे म्हणाले, "तिथं हळू बोलावं लागते का?" अश्विन म्हणाला, "बोलावं लागतं. पण ती काही हळू बोलत नाही."

पहिल्याच बैठकीत तिच्यापुढं कोरकूचा प्रश्न आला. मेळघाटातले कोरकू लोक आपली भाषा देवनागरीत लिहितात. त्यातला एक आवाज कुणी एका खुणेनं लिहितं, कुणी दुसऱ्या. समितीनं एक निवडून दुसरी बंद करावी, असा प्रस्ताव होता. गोवर्धनचा त्याला पाठिंबा होता आणि त्याची कारणं नेहमीसारखी पक्की होती.

"माझी हरकत आहे," माया म्हणाली.

"कशावर?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रस्तावावर अजून नाही. आपण इथं कुणी कोरकू बोलणारं नाही, यावर. मला थोडी मुदत द्या."

मुदत मिळाली. रविवारी ती परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेली. तिथल्या आश्रमशाळेत कोरकू शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता तिनं मिळवला होता. बाई ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत होत्या. मायानं आपलं नाव सांगितलं, कशासाठी आली ते सांगितलं आणि विचारलं, "बाई, हा आवाज तुम्ही कसा लिहिता? आणि तुमच्या पोरांना कसा लिहायला आवडतो?"

बाईंनी हातातली वही मिटली, आतून पाट आणून दिला आणि म्हणाल्या, "बसा. वेळ लागेल."

माया बसली. त्या दिवशी बाई बोलत होत्या आणि ती लिहून घेत होती.